माशाला बेंबी असते

आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावकडे मासा पिशवीतून येतो. मृग-आर्द्रा बरसून तलावात नवं पाणी आलं की मत्स्यबीज केंद्रावरून गाडी येते. जाड प्लास्टिकची पिशवी, तळाला थोडं पाणी, वर प्राणवायू भरून फुगवलेली, तोंडाला रबर. आत बोटाएवढे कटले, रोहू, मृगळ काळसर रेघांसारखे एकमेकांवरून सरकत असतात. पिशवी लगेच फोडायची नसते. बंदच तलावात तरंगत ठेवायची, पंधरा-वीस मिनिटं, आतलं नि बाहेरचं पाणी सारखं होईतो. मग रबर सोडून तलावाचं थोडं पाणी आत घ्यायचं आणि पिशवी आडवी धरायची. दरवर्षी कोणीतरी नवखा पोरगा घाईनं पिशवी उलटी करतो आणि दरवर्षी माझे काकाजी पाळीवरून ओरडतात, "ओतू नोको! जाऊ दे त्यायले आपल्या मनानं."

काकाजी ढिवर मच्छीमार संस्थेचे जुने सभासद. संस्थेकडे मामा तलावाचा ठेका आहे. बाहेरच्या माणसाला 'मामा तलाव' म्हटलं की कुणाच्या तरी मामानं बांधलेला वाटतो. तो 'माजी मालगुजारी'चा कागदोपत्री संक्षेप. कोहळ्यांनी बांधलेले, पुढे मालगुजारांच्या ताब्यात गेलेले हे तलाव १९५० च्या कायद्यानं सरकारजमा झाले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून ते जवळपास सात हजार भरतात. पाणी सरकारचं, ओलित शेतकऱ्यांचं, मासे संस्थेचे. भांडणं होतात, पण कोणाचं काय हे तरी ठाऊक असतं.

गेल्या मार्चमध्ये मी मालवणला निघालो तेव्हा काकाजी ओसरीवर जाळ्याचे फाटके आस सांधत बसले होते. समुद्रातली मोरी पाहायला चाललो, असं सांगितलं. मोरी म्हणजे शार्क. काकाजींनी शार्क टीव्हीवर पाहिलेला.

"मंग समुद्रात बीज कोन टाकते?"

"कोणी नाही. आपोआप होते."

"अन् ठेका कोनाचा?"

"कोणाचाच नाही."

त्यांनी सूत दातानं तोडलं. "मंग मासा उरते कसा?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं.

आमच्याकडे समुद्र पोचतो तो आठवडी बाजारात, सुकट आणि बोंबलाच्या वासानं. गोरेगावहून गोंदिया, तिथून विदर्भ एक्स्प्रेसनं मुंबई, पुढे कोकण रेल्वेनं कुडाळ, मग एसटीनं मालवण. महाराष्ट्राच्या या टोकाहून त्या टोकाला. उतरलो तेव्हा पहाट व्हायची होती. मोठ्या बोटी आत पाण्यात नांगरलेल्या, त्यांच्यामागे सिंधुदुर्गाचा तट काळ्या रेघेसारखा. बोटींवरचा माल छोट्या होड्यांत उतरवून किनाऱ्यावर आणत होते. वाळूत पाट्या उपड्या होत होत्या. एका म्हाताऱ्यानं मला आपादमस्तक न्याहाळून विचारलं, "खंयसून इलात?" गोंदिया म्हटल्यावर त्यानं मान हलवली, कुठे ते कळलं नसावं. मी म्हणालो, नागपूरच्याही पुढे. "मगे थंय मासे खंयचे?" तलावाचे, असं म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जी दया आली ती मी आजवर विसरलेलो नाही.

मुंबई-रायगडकडची मुशी ती इथली मोरी. दोन्ही नावं एका माशाची नाहीत. त्यांत हातभर लांबीपासून माणसाहून मोठ्या माशापर्यंत कितीतरी जाती मावतात. मच्छीमारांना फरक कळतो, हातोड्यासारख्या डोक्याच्या मुशीला ते कानमुशी म्हणून वेगळं काढतात. पण लिलावाला आलं की सगळी मोरी एका ढिगात. समुद्रातल्या कुठल्या जातीचं काय चाललंय हे शोधायला निघालेल्या माणसाची पहिली अडचण ही. जमाखर्चाच्या वहीत दहा माणसांचा पैसा 'भाऊ' या एकाच नावानं मांडावा, तसं.

त्या ढिगाजवळ एक मुलगी उकिडवी बसली होती. शार्कवर संशोधन करणारी, मूळची पुण्याकडची, पायात गमबूट, हातात शिंप्याचा असतो तसा टेप, गळ्यात पाण्यात न भिजणारी वही. मी तिच्या मागे चार दिवस राहिलो. तिच्या कामाची पहिली अट म्हणजे वेग. पाटी उपडी झाल्यापासून बोली संपून माल बर्फात जाईपर्यंत जो वेळ तोच तिचा. आधी ती मालकिणीकडे बघायची. किनाऱ्यावरच्या व्यापारात बायकांचा शब्द चालतो. मावशीनं मान हलवली की हात घालायचा, नाहीतर पुढचा ढीग. पैसे देणारं गिऱ्हाईक समोर असताना तुमचं शास्त्र कोण ऐकणार?

मासा सरळ करायचा, नाकाच्या टोकापासून शेपटीच्या वरच्या टोकापर्यंत टेप. शार्कच्या शेपटीचं वरचं पातं खालच्यापेक्षा लांब असतं. ते ओढून सरळ करावं लागतं, नाहीतर चार-पाच सेंटिमीटर तिथेच चुकतात. मग मासा उलटा. शेपटीआधीच्या परांच्या जोडीशी दोन काड्या दिसल्या की नर. त्या काड्या वळवून बघायच्या: लवचिक असल्या तर अजून पोरगा, वाळक्या शेंगेसारख्या कडक झाल्या तर वयात आलेला. मादीचं असं बाहेरून कळत नाही. पोट फुगलं असेल तर अंदाज बांधायचा, किंवा मासा कापला जाईपर्यंत कापणाऱ्या मावशीजवळ घुटमळायचं.

माझं काम टेपचं दुसरं टोक धरायचं. शार्कच्या अंगावरून डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर गुळगुळीत लागतं. उलट फिरवला की सँडपेपर. दुसऱ्या दिवशी माझ्या बोटांची कातडी सोलली होती. आमच्या मरळीच्या अंगाला बुळबुळ असते, मागूरला काटा असतो, पण उलट्या हातानं सोलून काढणारा मासा मी पहिल्यांदाच हाताळला.

ढिगातली बरीचशी मोरी एकाच जातीची होती: चपट्या फावड्यासारखं नाक, करडं अंग, वितीपासून दीड-दोन वितींपर्यंत. शास्त्रीय नाव स्कोलिओडॉन लॅटिकॉडस. महाराष्ट्र-गुजरातच्या किनाऱ्यावर शार्क म्हणून जे उतरतं त्यात हिचा वाटा मोठा. ही पाऊण मीटरच्या वर क्वचितच जाते. शहरातल्या हॉटेलांत 'बेबी शार्क' म्हणून मिळते ती पुष्कळदा हीच. म्हणजे बेबी नव्हेच, पूर्ण वाढलेली बाई. उलट बाजूनंही फसगत होते. त्याच ढिगात तेवढ्याच लांबीचं काळ्या टोकाच्या परांचं पिल्लू असतं. त्याची आई दोन मीटरची असते, ते वयात यायला चार-पाच वर्षं घेणार असतं, आणि ढिगात त्याचा भाव तोच, नावही तेच.

हा फरक ओळखायची एक खूण मुलीनं दाखवली. तिनं एक छोटी कानमुशी उलटी केली. हातभरही नव्हती, डोक्याची हातोडी अजून मऊ, आंब्याच्या कोवळ्या पानासारखी दुमडणारी. पुढच्या दोन परांच्या मधोमध, पोटावर, एक बारीक चीर. कडा लालसर. तिनं अंगठ्यानं कातडी ताणली.

"बेंबी," ती म्हणाली. "अजून भरलेली नाही. जन्मून फार दिवस झाले नाहीत."

मी मच्छीमाराच्या घरातला. लहानपणापासून माशांची पोटं पाहिलेली, गाभोळी खाल्लेली. माशाला बेंबी असते हे मला तेव्हा कळलं.

मरळ, रोहू, कटला यांची पिढी अंड्यांतून येते आणि ती अंडी मोजणं म्हणजे पोत्यातले तांदूळ मोजणं. रोहूची मादी वजनाच्या दर किलोमागे लाख-दोन लाख अंडी देते. बहुतेक मरतात, तरी उरतात ते पुरतात. शार्कच्या बऱ्याच जातींचा संसार वेगळा. पोटात गर्भ, गर्भाला नाळ, नाळेतून पोषण, महिनोन्महिने. शेवटी मोजकी पिल्लं, पूर्ण घडलेली, दातांसकट. या फावड्या नाकाच्या मुशीचं अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं असतं. शार्कमध्ये इतकं लहान अंडं दुसरं नाही, कारण त्यात शिदोरी भरून द्यायची गरजच नसते. सगळं आईच्या रक्तातून जातं. एका वेळी पाच-दहा, फार तर पंधराच्या वर पिल्लं. काळ्या टोकाच्या परांची मुशी दहा-बारा महिने गाभण राहते, पाच-सात पिल्लं देते आणि पुढचं वर्ष विसावा घेते. कानमुशीच्या मादीला वयात यायला दहा वर्षांच्या पुढे लागू शकतात. ती जात आज जगाच्या यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे.

काकाजींच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर या चिरेत होतं. तलावात बीज टाकता येतं, कारण ते तयार करता येतं. कटला-रोहू साचल्या तलावात अंडी घालत नाहीत, त्यांना वाहतं पाणी लागतं. १० जुलै १९५७ ला शास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी ओडिशात पियूषिकेचा अर्क टोचून या जातींना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावली. आमच्या तलावावर येणारी प्रत्येक पिशवी त्या दिवसाची नातवंडं. सरकारी भाषेत मत्स्यजिरे, मग मत्स्यबोटुकली. शार्कचं जिरं नसतं. एका वर्षी जास्त ओढलं तर पुढच्या वर्षी चार पिशव्या जास्त टाकून भरपाई करता येत नाही. पण देशभर मासेमारीचा विचार करणारं आपलं डोकं तलावाचं आहे: उत्पादन किती वाढलं, टन किती. त्या डोक्यानं मुशीकडे पाहिलं की चूक होते.

टनांचा हिशेब सांगायचाच तर भारतात १९९८ च्या सुमारास शार्क-पाकटांची वर्षाची आवक पंचाहत्तर हजार टनांच्या घरात पोचली होती. पुढच्या वीस वर्षांत बोटींची ताकद वाढली, जाळी लांबली, आणि आवक चाळीस-पन्नास हजारांवर आली. जगाचं चित्र याहून वाईट. खुल्या महासागरातल्या शार्क आणि पाकटांची संख्या १९७० पासून ७१ टक्क्यांनी घटली, असा हिशेब २०२१ साली 'नेचर'मध्ये आला.

कायदे आहेत. २००१ साली देवमाशाएवढा वाढणारा पण निरुपद्रवी व्हेल शार्क वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेला. माशाला वाघाच्या पंगतीत बसवण्याची आपल्याकडची ती पहिली वेळ. त्याच जुलैत सगळेच शार्क आणि पाकट यादीत घातले गेले. किनाऱ्यावर ओरड झाली, जाळ्यात आपसूक येणाऱ्या माशासाठी तुरुंगात कोण जाईल? डिसेंबरात यादी दहा जातींवर आली. २०१३ मध्ये नियम आला की पर अंगाला चिकटलेलेच हवेत, म्हणजे पर कापून धड समुद्रात फेकायचं नाही. २०१५ मध्ये परांची निर्यातच बंद झाली. २०२२ च्या दुरुस्तीनं यादी पुन्हा लांबली, आणि त्याच वर्षी पनामात वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, म्हणजे सायटिसच्या, परिषदेत मुशीचं अख्खं कुळ व्यापार-नियंत्रणाखाली आलं.

मालवणच्या वाळूत उभं राहून हे सगळं आठवलं की एक गोष्ट खटकते. पर जायचे चीन-हाँगकाँगच्या सुपासाठी. मांस जातं आपल्या ताटात. परांवर बंदी आली म्हणून मोरी महाग किंवा दुर्मिळ झाल्याचं मला त्या किनाऱ्यावर कोणी म्हणालं नाही. गिऱ्हाईक इथलंच आहे. गोव्याच्या हॉटेलांत, तमिळनाडूत, आणि मालवणच्या प्रत्येक खाणावळीत. एका मावशीनं सांगितलं, बाळंतिणीला मोरी द्यावी, दूध येतं. आमच्याकडे आजारातून उठलेल्याला मरळीचा रस्सा देतात, तशातलाच प्रकार. दुसऱ्या महायुद्धात कॉड माशाचं तेल यायचं थांबलं तेव्हा मुंबई सरकारनंही शार्कच्या यकृताचं तेल काढून बाटल्या भरल्या होत्या. अशक्ताला शार्क द्यावा ही समजूत नुसती म्हाताऱ्या बायांची नव्हे.

तिसऱ्या दिवशी एका ट्रॉलरवर जायला मिळालं. तांडेल पन्नाशीचा, बोलायला मोकळा, पण बोट खाडीबाहेर पडल्यावर गप्प. जाळं सोडलं, दोन्ही बाजूंच्या फळ्या पाण्यात गेल्या, दोर ताणले. मग तीन तास काही नाही. इंजिनाचा धडधडाट, डिझेलचा वास, चहा. जाळं तळाशी घासत येतंय, पुढे काय आहे ते कोणालाही दिसत नाही. आमचा ढिवर पाग टाकतो तेव्हा बुडबुडे बघतो, पाण्याचा रंग बघतो, कमळाचं देठ हललं का बघतो. इथे आंधळी ओढ. मी तांडेलाला विचारलं, मोरी मिळेल का? तो हसला. "मोरीक आमी खंय बोलावतंव? सुंगटांक जातंव. ता येता."

जाळ्याचा खोळा वर आला, गाठ सुटली आणि डेकवर ढीग पसरला. सुंगटं, म्हाकूल, राणे, ढोमे, खेकडे, एक समुद्रसाप जो खलाशानं काठीनं उचलून फेकला, प्लास्टिकची चप्पल, आणि या सगळ्यात अकरा मोऱ्या. दहा मेलेल्या. अकरावीचे कल्ले हलत होते, थोड्या वेळानं तेही थांबले. बऱ्याच मुशींना पुढे सरकत राहूनच कल्ल्यांतून पाणी वाहतं ठेवावं लागतं; खोळ्यात दाबल्या की गुदमरतात. ढिगाच्या कडेला एक पाकट होतं, शेपटीचा काटा खलाशानं आधीच तोडलेला. मी पाहत असताना त्याच्या पोटातून काहीतरी बाहेर आलं, विड्यासारखं गुंडाळलेलं. मग दुसरं. खलाशानं पायानं सरकवलं तेव्हा एक विडा उलगडला आणि तळहाताएवढं पाकट झालं. घाबरलेल्या गाभण माद्या अशी पोरं टाकतात. खलाशानं दोन्ही समुद्रात टाकली. "जगतली?" मी विचारलं. त्यानं खांदे उडवले. दिवस भरले नव्हते त्यांचे.

किनाऱ्यावर बसून मला जे सोपं वाटत होतं ते इथे अवघड झालं. ठरावीक लांबीखालचा मासा पकडू नका, हा नियम पापलेटाला, सुरमईला काही अंशी चालतो, कारण त्या आकाराचं जाळं निवडता येतं. मुशीच्या बाबतीत लांबी कळते तेव्हा ती मेलेली असते. मेलेली परत समुद्रात टाकून कायदा पाळला जाईल, मासा वाचणार नाही. म्हणून जे करायचं ते जाळं पाण्यात पडण्याआधी करावं लागतं: कुठे टाकायचं, कधी, किती वेळ ओढायचं, आस केवढा. सिंधुदुर्गात संयुक्त राष्ट्रांच्या युएनडीपीच्या प्रकल्पात खोळ्याला चौकोनी आसाचं जाळं लावून पाहिलं गेलं. नेहमीचा शंकरपाळी आस ताण पडला की मिटतो आणि बोटभर मासाही अडकतो. चौकोनी आस उघडा राहतो, बारकी पोरं निसटतात. हे माशांच्या पोरांना उपयोगी. मुशीचं पिल्लू मात्र जन्मतःच वीतभर असतं, कानमुशीचं तर दीड-दोन विती. कितीही उघड्या आसातून ते कुठून निसटणार?

जून-जुलैची ६१ दिवसांची बंदी सगळ्यांच्याच उपयोगाची. पण मुशी पावसाळा पाहून वीत नाहीत. त्यांना गरज आहे ती जागेची. कानमुशी, काळ्या टोकाच्या परांची मुशी उथळ पाण्यात, किनाऱ्यालगत पिल्लं टाकायला येते, कारण तिथे मोठे शार्क कमी. तिथेच आपली जाळीही सगळ्यात दाट. मालवणच्या ट्रॉलरांवर संशोधकांनी जाळ्यागणिक नोंदी ठेवल्या आहेत, कोणत्या खोलीत काय येतं याच्या. परतताना मी तांडेलाला हेच विचारलं. त्याला कागदाची गरज नव्हती. कुठल्या महिन्यात किती वाव खोलीवर बारकी कानमुशी येते हे त्यानं हाताच्या बोटांवर सांगितलं. मग तिथे जाऊ नका ना, असं मी म्हणालो आणि म्हणताक्षणीच जीभ चावली. तो म्हणाला, मी नाही गेलो तर बाजूची बोट जाईल. डिझेल माझं जळलंय, मासा त्याचा. ठेका नसलेल्या पाण्याचं गणित हे.

एक सोपं यश आहे आणि ते सांगायला हवं. गिलनेटमध्ये व्हेल शार्क सापडला तर तो बऱ्याचदा जिवंत असतो. जाळं कापलं तर जातो. डिसेंबर २०१८ पासून महाराष्ट्र वनविभागाचा कांदळवन कक्ष असं जाळं कापणाऱ्याला २५ हजारांपर्यंत भरपाई देतो. फोटो किंवा व्हिडिओ दाखवायचा. शेजारी सौराष्ट्रात हेच काम २००४ पासून वेगळ्या वाटेनं झालं. रामकथाकार मोरारीबापूंनी मच्छीमारांना सांगितलं, ही लेक माहेरी बाळंतपणाला येते, तिला कापायची नाही. शेकडो व्हेल शार्क त्यानंतर जाळी कापून सोडले गेले. व्हेल शार्कला हे जमलं, कारण तो मोठा, एकटा, दिसणारा. पाटीतल्या हातभर मोरीला कोण लेक म्हणणार?

करवत मासा आता क्वचितच दिसतो. म्हातारे सांगतात, पूर्वी जाळ्यात यायचा, त्याची करवत घराच्या आढ्याला लावायचे. तरण्या खलाशांना मी विचारलं तर एकानं मोबाईलवर चित्र शोधून मलाच विचारलं, हाच काय?

त्या संध्याकाळी मी खाणावळीत मोरी मसाला खाल्ला. लपवण्यात अर्थ नाही. मावशीनं आधी मोरी गरम पाण्यातून काढून कातडीवरची खर खरवडली. शार्कच्या मांसात युरिया असतो, शिळा झाला की अमोनियाचा वास मारतो, म्हणून ताजी हवी. मग खोबऱ्याचं वाटप, तिरफळ. काटा नावाला नाही, फक्त मधला कुर्चेचा मणका.

परत आल्यावर काकाजींना पोटातल्या पिल्लांचं सांगितलं. दहा महिने, पाच-सात पोरं, एक वर्ष आड. ते काही वेळ गप्प बसले.

"म्हंजे बकरीवानी."

"हो."

"मंग मासा कायले म्हनता त्याले? बकरी त मोजून ठेवते मानूस. गाभन बकरी खाटिकही घेत नाही."

माझ्या वहीत चार दिवसांच्या नोंदी होत्या. याहून नेमकं वाक्य त्यांत नव्हतं. मुशीचा हिशेब शेळ्यांसारखा व्हायला हवा: किती माद्या, किती वयाच्या, किती वेत. टनांत नव्हे.

अर्थात आमचे तलावही काही आदर्श नाहीत. बीज टाकायची सोय झाली म्हणून आम्हीसुद्धा तलावाकडे हौद म्हणून पाहू लागलो. कटला-रोहूच्या ओझ्याखाली इथली मरळ, शिंगी, मागूर कमी झाली, तलावात बेशरमाची झुडपं माजली. इकडे अर्जुनी मोरगावात मनीष राजनकर आणि पतिराम तुमसरे यांनी ढिवरांना सोबत घेऊन उलटी वाट धरली. बेशरम उपटायची, तळ नांगरायचा, पाण्याखालच्या नि तरंगत्या वनस्पती हातानं लावायच्या, म्हणजे देशी माशांना अंडी घालायला आडोसा होतो. पुढे शालू कोल्हे आणि तिथल्या बायकांनी हे काम गावोगाव नेलं. मासा टाकायचा नाही, त्याचं घर नीट करायचं. मालवणात परतीच्या बोटीवर मला तेच आठवत होतं. मुशीच्या बाबतीत दुसरा काही मार्गच नाही, कारण तिचं बीज कुठल्याच केंद्रावर मिळत नाही. पण तळ नांगरायला तलाव गावाचा असावा लागतो. समुद्राची उथळ कड कोणाची, हे ठरल्याशिवाय तिथे जाळं कोणी आवरणार नाही; मच्छीमार लोभी आहेत म्हणून नव्हे, ज्यानं आवरलं त्याचा तोटा होतो म्हणून.

मरळीबाबत काकाजींचा स्वतःचा एक नियम आहे. पावसाळ्यात तलावाच्या काठी लालसर पिल्लांचा गोळा पाण्यावर उकळल्यासारखा फिरतो. खाली आई-बाप राखणीला असतात. राखण करणारी मरळ जागा सोडत नाही, म्हणून ती मारायला सगळ्यात सोपी. काकाजी त्या बाजूला जाळं टाकत नाहीत. हा नियम ठेक्याच्या कुठल्याच कागदावर नाही, आणि संस्थेतले सगळे तो पाळतात असंही नाही.

यंदा बीज आलं त्या दिवशी मी मोबाईलमधला फोटो पाळीवर दाखवला. कानमुशी, उलटी, बोटानं ताणलेली ती चीर. काकाजींनी फोटो मोठा करून पाहिला. बाजूचा म्हणाला, गळ लागला असेल. दुसरा म्हणाला, विळा लागला. बराच वाद झाला. मी नाळेचं पुन्हा समजावलं. पिशव्या पाण्यात तरंगत होत्या, अजून दहा मिनिटं थांबायचं होतं.

"अन् खाले कशी लागते?" बाजूच्यानं विचारलं.

"चांगली. काटा नसतो. लहान पोरालाही देता येते."

"मंग त बाप्पा कोनी सोडनार नाही तिले," काकाजी म्हणाले, आणि धोतराचा सोगा खोचून पिशवीचं रबर सोडायला पाण्यात उतरले.